आपल्याच माणसाचा खिसा

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जेवणाच्या टेबलाभोवती पाच मित्र बसलेत. मधे कागद, पेन्सिली, आठ-दहा-वीस बाजूंचे फासे आणि अर्धी संपलेली चिवड्याची ताटली. पाचांपैकी एक जण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलाय. तो डंजन मास्टर, म्हणजे या खेळातला सूत्रधार. उरलेल्या चौघांची चार पात्रं आहेत: योद्धा, जादूगार, क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेनं जखमा बऱ्या करणारा पुरोहित, आणि चोर. पडक्या किल्ल्याच्या तळघरात एक बंद दार लागतं. चोर म्हणतो, "तुम्ही थांबा इथंच, मी बघून येतो." फासा पडतो, कुलूप उघडतं, चोर एकटा आत जातो. डंजन मास्टर एका चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती त्याच्याकडे सरकवतो: पेटीत ३०० सोन्याची नाणी आणि एक मोठं माणिक. चोर चिठ्ठीच्या पाठीवर दोन शब्द लिहून परत देतो: "माणिक बुटात." मग दाराबाहेर डोकं काढून मोठ्यानं सांगतो, "तीनशे नाणी आहेत रे!" प्रत्येकाला पंच्याहत्तर मिळतात. सगळे खूश.

माणकाचं बिंग तीन-चार आठवड्यांनी फुटतं, आणि मग टेबलावर जे भांडण होतं ते पात्रांचं राहत नाही. क्लेरिक खेळणारा म्हणतो, मागच्या तीन लढायांत तुला मरता मरता मी वाचवलंय. चोर खेळणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, माझं पात्र चोर आहे. चोर दुसरं काय करणार?"

हे उत्तर गेली पन्नासएक वर्षं दिलं जातंय. त्यात तथ्य किती आणि लबाडी किती हे समजून घ्यायचं, तर हा चोर या खेळात शिरला कसा ते आधी पाहायला हवं. कारण तो पहिल्यापासून तिथं नव्हता.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. त्यात माणसाला तीनच पेशे होते: योद्धा, जादूगार, क्लेरिक. मग कुलपं कोण उघडायचं, सापळे कोण शोधायचं? सगळेच. ज्याला शंका आली त्यानं लांब काठीनं फरशी ठोकून पाहायची, दाराला कान लावायचा, आणि आपण काय करतोय ते तोंडानं सांगायचं. डंजन मास्टरला पटलं की काम झालं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकामधून गायगॅक्सला फोन आला. तिथल्या 'एअरो हॉबीज' या दुकानाचा गॅरी स्विट्झर बोलत होता. त्याच्याकडे जमणाऱ्या खेळाडूंनी चोराचा एक स्वतंत्र पेशाच तयार केला होता. गायगॅक्सला कल्पना आवडली. त्यानं स्वतःचे नियम बसवून ती आधी एका छोट्या वार्तापत्रात छापली आणि १९७५ साली 'ग्रेहॉक' या पहिल्या पुरवणीत अधिकृतपणे घेतली.

गंमत अशी, की याच 'ग्रेहॉक' पुरवणीत आणखी एक पेशा पहिल्यांदा आला: पॅलाडिन, म्हणजे सचोटीचं व्रत घेतलेला धर्मयोद्धा. चोर आणि चोरी खपवून न घेणारा, दोघं एकाच पुस्तिकेतून एकाच टेबलावर येऊन बसले. पुढे १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तर नियमच झाला, की पॅलाडिननं फक्त सज्जन पात्रांची कायमची संगत धरायची. त्याच पुस्तकात चोर मात्र तटस्थ किंवा दुष्ट प्रवृत्तीचा असणार असंही लिहिलेलं. भांडणं टेबलावर आयत्या वेळी लागली असं म्हणणं तेवढंसं खरं नाही. त्यातली निम्मी छापूनच आली होती.

चोराच्या पेशाचा तपशील जरा बारकाईनं पाहण्यासारखा आहे. १९७८च्या नियमांनुसार पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या चोराला कुलूप उघडण्याची संधी शेकडा २५, सापळा शोधून निकामी करण्याची २०, आवाज न करता चालण्याची १५, सावलीत लपण्याची १०, भिंत चढण्याची मात्र ८५. आपल्याला हे कौशल्याचं कोष्टक फार परकं वाटू नये. 'मृच्छकटिक' नाटकातला चोर शर्विलक भिंत फोडण्याआधी भगदाड कुठल्या आकाराचं पाडावं यावर विचार करतो आणि मोजमापाला दोरी नाही म्हणून जानवं वापरतो. चोरी ही शिकण्याची विद्या आहे, तिला गुरू आहेत, पायऱ्या आहेत, ही समजूत दोन्हीकडे एकच. फरक इतकाच, की शर्विलकाच्या कामात दचकवणारी सफाई आहे आणि पहिल्या पातळीचा बिचारा चोर दहातल्या नऊ वेळा सावलीत दिसतोच.

म्हणजे पेशा तसा दुबळा. 'ग्रेहॉक'मध्ये त्याची जीवनशक्ती ठरवायला चार बाजूंचा फासा, जादूगाराला होता तोच. समोरासमोरच्या लढाईत त्याचा काही टिकाव नाही. त्याचं बळ तीन गोष्टींत: सगळ्यांच्या पुढे एकट्यानं जाणं, पाठीमागून वार करणं आणि खिसा कापणं. तिन्ही गोष्टी इतरांच्या नजरेआड होतात. योद्ध्याचा पराक्रम सगळ्यांसमोर घडतो, क्लेरिकच्या कामाचा फायदा तर दुसऱ्यालाच होतो. गुपित राखणं हीच कामगिरी असलेला पेशा हा एकच. डंजन मास्टरबरोबर चिठ्ठ्यांची देवाणघेवाण चोरानंच सुरू केली असं मी म्हणणार नाही, पण ती सवय त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला शोभली नसेल.

खिसा कापण्याच्या नियमाकडे वळू. पहिल्या पातळीला संधी शेकडा ३०. शंभर बाजूंच्या फाशाचा निकाल ३० किंवा त्याखाली आला तर माल हातात. ३१ ते ५० आला तर चोरी फसली, पण कुणाला कळलं नाही, पुन्हा हात घालायला मोकळीक. ५१ किंवा वर आला तर समोरच्याला पत्ता लागला. बळी तिसऱ्या पातळीच्या वरचा असेल तर दर पातळीमागे संधी ५नं घटते. नियम अगदी काटेकोर आहे. मात्र खिसा कुणाचा, याबद्दल त्याला काही देणंघेणं नाही. बाजारातल्या सराफाचा आणि शेजारी झोपलेल्या सोबत्याचा खिसा या कोष्टकाला सारखाच. सराफाच्या दारात पहारेकरी असतात, सोबत्याच्या उशाशी कुणी नसतं. मग कमी धोक्याचं काम कुठलं, हे हिशेबी खेळाडूला सांगावं लागत नाही.

याहून महत्त्वाचा धागा सोन्याचा. त्या काळी पात्राची वाढ अनुभवगुणांवर होई आणि अनुभवगुण मुख्यतः खजिन्यातून मिळत: तळघरातून सुखरूप बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. राक्षस मारून मिळणारे गुण त्यामानानं किरकोळ. हा नियम फार हुशारीचा होता. त्यामुळे खेळाडू उगाच लढत बसत नसत, युक्तीनं माल पळवत. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की सोबत्याचं सोनं उचललं म्हणजे त्याची वाढही उचलली. बुटात गेलेलं माणिक हा नुसता दागिना नव्हता. क्लेरिकची पुढची पातळी, आणि तिच्याबरोबर मिळणारा नवा मंत्र, त्याच बुटात गेला होता. त्यात दुसऱ्या पातळीला पोचायला चोराला १२५० गुण पुरत, योद्ध्याला सुमारे २००० लागत, जादूगाराला २५००.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्यासाठी सर्वांना गुण देणं बंद झाल्यात जमा झालं. पण तिथल्या एका ऐच्छिक नियमानं चोराला मात्र मिळवलेल्या प्रत्येक नाण्यामागे दोन गुण देऊ केले, शिवाय आपलं खास कौशल्य यशस्वीपणे वापरल्याबद्दल दर वेळी २००. योद्ध्याला शत्रू हरवल्याबद्दल बक्षीस, चोराला खिसा कापल्याबद्दल. पुन्हा, कुणाचा ते सांगितलेलं नाही. कुंपणानं शेत खाल्लं तर कुंपणाला शिव्या घालायच्या हे ठीक, पण इथं कुंपणाला दर घासाला बक्षीस लावून ठेवलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

हा चोर घेतला कुठून? गायगॅक्सनं १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'च्या शेवटी आपल्या आवडत्या लेखकांची यादी दिली आहे. तीत फ्रिट्झ लायबर आहे. धिप्पाड फाफर्ड आणि चपळ ग्रे माउझर या त्याच्या जोडीची पहिली गोष्ट १९३९ साली आली. त्याच यादीत जॅक व्हान्सही आहे, ज्याचा क्यूजेल स्वतःला चतुर म्हणवतो आणि भेटेल त्याला टोपी घालतो. क्यूजेलला सोबतीच टिकत नाहीत. माउझर लबाड असला तरी फाफर्डशी त्याचं जे जुळलंय ते एखाद्या माणकासाठी तुटणारं नाही. टेबलावर चोर खेळायला घेणारे बहुतेक जण मनात माउझर धरून येतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचा क्यूजेल होतो.

पण या सगळ्यांत आपल्या विषयाला लागू पडणारा चोर तिसराच आहे. जे. आर. आर. टोल्किनच्या १९३७च्या 'द हॉबिट'मध्ये बिल्बो बॅगिन्सला तेरा बुटके चक्क घरफोड्या म्हणून कामावर ठेवतात. लेखी करार आहे: झालेल्या फायद्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा. शेवटी ड्रॅगनच्या ढिगाऱ्यात बिल्बोला आर्कनस्टोन सापडतो, बुटक्यांच्या राजघराण्याचं सर्वस्व असलेलं रत्न. तो ते गुपचूप खिशात घालतो. म्होरक्या थोरिन त्याच रत्नासाठी वेडापिसा झालेला असताना बिल्बो गप्प राहतो, आणि पुढे डोंगराला वेढा पडल्यावर ते शत्रुपक्षाच्या हाती देतो, तडजोडीला उपयोगी पडावं म्हणून. हा माझा चौदावा हिस्सा समजा, असं त्याचं म्हणणं. थोरिन त्याला तटावरून खाली फेकायलाच निघतो.

टेबलावरच्या भांडणातली प्रत्येक गोष्ट इथं आहे: वाटणीचा करार, लपवलेलं रत्न, गप्प बसणं, फुटलेलं बिंग, विश्वासघाताचा आरोप. तरी वाचक बिल्बोवर चिडत नाही. कारण बिल्बोनं चोरलं ते त्याच सोबत्यांचा जीव वाचावा म्हणून, आणि आपणहून कबूल केलं. याहून मोठं कारण असं, की थोरिनचं दुःख आणि बिल्बोची चोरी एकाच लेखकाच्या हातात होती. टेबलावर थोरिनसारखा राग येतो तो सहा दिवस कामं करून शनिवारची संध्याकाळ राखून आलेल्या एका जित्या माणसाला.

सुरुवातीच्या खेळाडूंना मात्र याचं इतकं वाटत नसे, आणि त्यालाही कारण आहे. हा खेळ युद्धखेळांच्या पोटातून आला. मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं घडवलेल्या 'ब्रॉनस्टाइन' खेळात प्रत्येक खेळाडूला वेगळी भूमिका आणि वेगळं उद्दिष्ट असे. एकमेकांवर कुरघोडी हाच तो खेळ. अर्नेसन त्यातच तयार झाला. लेक जिनिव्हात गायगॅक्सच्या टेबलावरही आज हे चार जण तर उद्या ते सहा, असा राबता होता. पात्रं पटापट मरत, नवी तितक्याच पटापट बनत. अशा ठिकाणी कुणी माणिक मारलं, तर पुढच्या वेळी त्याच्याबरोबर न जाण्याची सोय होती. डंजन मास्टरही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. चोर प्रत्येक दाराला कान लावू लागले, तर १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'इअर सीकर' नावाचा किडा आला. तो लाकडात राहतो आणि दाराला लावलेल्या कानात शिरतो. पुढचं वर्णन जेवताना वाचू नये.

गाडी अडली ती पात्रांची टोळी कायमची झाल्यावर. ऐंशीच्या दशकात खेळाचा ओघ लांबलचक कथेकडे वळला. तीच चार-पाच पात्रं, तीच मैत्री, वर्ष-दोन वर्षं चालणारी मोहीम. आता चोराला टोळीतून काढायचं म्हणजे मित्राला घरी बसवायचं. नेमक्या याच वळणावर १९८४ साली ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेतून केंडर आले.

केंडर ही मुलांएवढ्या उंचीची, भीती ठाऊक नसलेली जमात. हिकमन धार्मिक वृत्तीचा, मॉर्मन पंथाचा. चोरांची आख्खी जमात आदर्श म्हणून वाचकांपुढे ठेवणं त्याला रुचेना. म्हणून केंडर चोरत नाहीत असं ठरलं. त्यांना मालकी ही भानगडच कळत नाही. वस्तू दिसली, कुतूहल वाटलं, हातात घेतली, बोलता बोलता पिशवीत गेली. विचारलं तर म्हणणार, तुझीच पडली असेल, मी जपून ठेवली. कादंबरीतला टासलहॉफ या स्वभावामुळे लाडका झाला. टेबलावर मात्र हा प्रकार जवळपास शापच ठरला. साधा चोर निदान गुन्हेगार तरी असतो, पकडला तर मान खाली घालतो. केंडर निष्पाप! त्याला जाब विचारणाराच दुष्ट दिसतो. नीतीच्या काळजीतून घडवलेल्या पात्रानं, चोरी केल्याची लाजसुद्धा वाटू नये अशी सोय खेळाडूला करून दिली.

आणि इथंच ते जुनं उत्तर पुन्हा येतं: माझं पात्र असंच वागेल. त्यात तथ्य आहे. पात्राशी इमान राखणं हा या खेळाचा प्राण आहे, आणि दर वेळी सगळ्यांच्या सोयीनं वागणारं पात्र म्हणजे मेलेलं पात्र. पण ते पात्र आभाळातून पडलेलं नसतं. ते कुणी तरी निवडलेलं, लिहिलेलं असतं. टोळीला लुटणारा चोर खेळायचा हे ज्यानं ठरवलं, त्यानंच पुढे 'माझा नाइलाज आहे' म्हणायचं, हे 'चोर तो चोर वर शिरजोर' यातलंच.

माझ्या मते खरी खोच याहून खोल आहे. भांडण लागतं ते चोरी झाली म्हणून लागत नाही, ते विषम सामन्यावरून लागतं. चोराच्या पात्राला चोरीचे नियम आहेत, बळीच्या पात्राला सावध राहण्याचे नियम तोकडे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत, जिथं चोराचं नाव बदलून 'रोग' झालं (देवनागरीत हा शब्द व्याधीसारखा वाचला जातो आणि कित्येक डंजन मास्टरांना त्यात काही चूक वाटणार नाही), हातचलाखी ओळखायला नजर नावाचं कौशल्य ठेवलं होतं. पण ते योद्धा, क्लेरिक आणि पॅलाडिन या तिघांच्याही पेशात येत नसे. म्हणजे आपल्या टोळीइतकं सोपं सावज गावात मिळणं कठीण.

त्यावर शिष्टाचाराची बेडी. समजा चिठ्ठ्या नाहीत, चोरी सगळ्यांसमोर जाहीर झाली. क्लेरिक खेळणाऱ्याला ती ऐकू आली, पण त्याच्या पात्राला ठाऊक नाही. चांगला खेळाडू म्हणून त्यानं ठाऊक नसल्यासारखंच खेळायचं, म्हणजे चोराला पुन्हा बरं करायचं. आणि कळलंच, तरी करणार काय? योद्ध्यानं तलवार काढली तर 'टोळीतल्या माणसाला मारतोस?' हा गहजब होतो. खिसा कापणं ही गंमत आणि त्याला उत्तर देणं म्हणजे खेळ मोडणं, असा हा न्याय. ज्याला चोरीचा हक्क आहे पण शिक्षेचा धोका नाही, त्याच्याशी खेळायला कोण बसणार?

अनेक डंजन मास्टर हे कथेच्या आत सोडवायला जातात. चोराच्या वाटेत पहारेकरी पेरतात, चोरलेल्या अंगठीला शाप लावतात. मला हा उपाय कधी पटला नाही. शापित अंगठीमुळे चोर खेळणाऱ्याला आणखी अर्धा तास सगळ्यांचं लक्ष मिळतं, आणि बाकीचे पुन्हा चिवडा खात बसतात. तक्रार माणसांमधली असेल तर ती माणसांनीच, फासे बाजूला ठेवून बोलायला हवी. मोहीम सुरू होण्याआधी त्यासाठी एक बैठक घेण्याची चाल आता रुळली आहे. तिला 'सेशन झिरो' म्हणतात, आणि २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकात तिच्यावर स्वतंत्र भाग आहे. एकमेकांचं चोरायचं की नाही, वाटणी कशी, गुपितं किती चालतील, हे तिथंच ठरतं. काही टेबलांवर एक साधा, फार कामाचा नियम असतो: सोबत्याच्या खिशात हात घालायचा असेल तर खुशाल घाल, पण जमलं की नाही ते फासा ठरवणार नाही, ज्याचा खिसा आहे तो खेळाडू ठरवेल. या नियमानं चोऱ्या बंद होत नाहीत, उलट कधी कधी रंगतात. बळी पडणाराच म्हणतो, "घे, आणि ते पत्रही ने, माझ्या पात्रानं आजवर कुणाला न दाखवलेलं."

दुसरा मार्ग म्हणजे विषमताच काढून टाकणं. 'पॅरानोइया' हा १९८४चा खेळ. ग्रेग कॉस्टिक्यन, डॅन गेल्बर आणि एरिक गोल्डबर्ग यांनी रचलेला. अल्फा कॉम्प्लेक्स नावाच्या भूमिगत शहरावर एका संशयी संगणकाचं राज्य आहे. गुप्त संघटनेत असणं हा देशद्रोह, अंगात विलक्षण शक्ती असणं हाही देशद्रोह, आणि टोळीतल्या प्रत्येकाकडे दोन्ही गोष्टी असतात. मोहिमेपेक्षा एकमेकांची चुगली करण्यातच वेळ जातो. पात्र मेलं तरी हरकत नाही, सहा प्रतींचा साठा असतो. सगळेच घरभेदी, आणि सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक. म्हणून कुणी दुखावत नाही, हसून हसून मात्र पुरेवाट होते.

जॉन हार्परचा २०१७चा 'ब्लेड्स इन द डार्क' उलट्या बाजूनं जातो. डॉस्कव्हॉल या काळोख्या शहरात सगळेच चोर, आणि पात्रांच्या कागदांबरोबर टोळीचाही एक स्वतंत्र कागद. टोळीचा दबदबा वाढतो, टोळी नवे डावपेच शिकते. भिंतीपलीकडे कुत्रे निघाले तर खेळाडू म्हणू शकतो, "काल रात्रीच मी त्यांच्या मांसात गुंगीचं औषध घातलं होतं." थोडा ताण सोसला की तो भूतकाळ खरा धरला जातो. गुपितं इथंही आहेत, पण ती शेजारच्यापासून लपवलेली नसतात. सगळ्यांसमोर उघडून मोहिमेच्या कामी लावली जातात. स्वतःसाठी माया जमवायची हौसही इथं कुणी नाकारलेली नाही. प्रत्येकाच्या कागदावर खासगी पुंजीच्या चौकटी छापलेल्याच आहेत. चाळीस नाणी साठली तर पात्र सुखानं निवृत्त होतं, दहाच्या आत राहिली तर रस्त्यावर येतं. चोरी करून आल्यावर जो तो आपला वाटा त्या चौकटींत पेन्सिलीनं भरतो, आणि शेजारचा चिवडा खाता खाता डोकावून बघतो.